आजारी बहिणीचा एएसओ नॉर्मल, ठणठणीत भावाचा वाढलेला

“डॉक्टर, दोघांचे रिपोर्ट एकमेकांत बदलले तर नाहीत ना?”

हा प्रश्न आईचा होता आणि तो अगदी रास्त होता. तिच्या हातात दोन कागद होते. सात वर्षांची मुलगी वॉर्डात होती. चेहरा सुजलेला, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची, रक्तदाब चढलेला. तिचा एएसओ, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जंतूशी शरीराची अलीकडे गाठ पडली होती का हे दाखवणारी रक्तचाचणी, १४०, म्हणजे नॉर्मल. दहा वर्षांचा मुलगा बाहेर व्हरांड्यात पळापळ करत होता, त्याला काहीही होत नव्हतं. त्याचा एएसओ ४६० आणि त्यापुढे ठळक अक्षरांत ‘वाढलेला’.

हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे, ते कुण्या एका कुटुंबाचं नाही. बालरोग विभागात आणि लॅबमध्ये पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एका घरात आणून ठेवल्या आहेत आणि रुग्णांचे आकडेही त्याच बेताने घेतले आहेत. आजार आणि चाचणी जशी वागतात तसंच इथे सांगितलं आहे.

मुलीची हकिगत

तीन दिवसांपासून सकाळी उठल्यावर तिच्या डोळ्यांभोवती सूज दिसत होती. दुपारपर्यंत ती जरा उतरायची, म्हणून झोप नीट झाली नसेल असं घरच्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, लघवी कमी आणि गडद होऊ लागली. तिसऱ्या दिवशी डोकं दुखून उलटी झाली, तेव्हा तिला रुग्णालयात आणलं. रक्तदाब १३२/८८ भरला. मोठ्या माणसाच्या बाबतीत आपण या आकड्यावर थोडं थांबू, सात वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. वजन २२ किलो, त्यातलं काही साठलेल्या पाण्याचं. छाती स्वच्छ, हृदयाचे आवाज नेहमीचे.

लघवीत प्रथिनं दोन प्लस आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींचा खच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तांबड्या पेशींचे कास्ट, म्हणजे पेशी एकत्र गोठून बनलेले दंडगोल साचे, स्पष्ट दिसत होते. रक्त मूत्राशयातून येत असेल तर असे साचे बनत नाहीत. ते मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्यांमध्येच घडतात. म्हणजे रक्तस्राव गाळणीतूनच होता. मूत्रपिंडं कितपत काम करतात ते दाखवणारं क्रिएटिनिन ०.९ होतं. प्रौढाच्या रिपोर्टात या आकड्यावर कुणाची नजरही थांबणार नाही, या वयात मात्र तो अपेक्षेच्या दुपटीजवळ जातो.

मूत्रपिंडातल्या गाळणीच्या गुच्छांना आलेली ही अचानक सूज, म्हणजे ग्लोमेरुलोनेफ्रायटिस. मुलांमध्ये असं चित्र दिसलं की पहिला संशय स्ट्रेप्टोकॉकस, थोडक्यात स्ट्रेप, या जंतूवर जातो. जंतू स्वतः मूत्रपिंडात शिरलेला नसतो. संसर्ग होऊन गेल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, जंतूचे घटक आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं गाळणीत जमतात आणि तिथे दाह पेटतो. या झटापटीत रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिनं खर्ची पडतात, म्हणून त्यांपैकी सी३ घसरतं. मुलीचं सी३ ३२ होतं, लॅबची खालची मर्यादा ९०. त्यांतलंच दुसरं प्रथिन, सी४, नॉर्मल.

इथवर सगळं एकाच दिशेने बोट दाखवत होतं. मग घशाची चौकशी झाली. गेल्या दोन महिन्यांत घसा दुखला होता का? नाही. ताप? नाही. घसा पाहिला तर स्वच्छ. स्वॅबमधून स्ट्रेप वाढला नाही. आणि एएसओ आला १४०, मर्यादा २००. केसपेपरवर ओळ लिहिली गेली, ‘एएसओ निगेटिव्ह. स्ट्रेपनंतरचा नेफ्रायटिस संभवत नाही.’

या एका ओळीने पुढचा सगळा दिवस भलतीकडे नेला. सी३ कमी आहे आणि स्ट्रेप नाही, तर उरतं काय? ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, किंवा सी३ ग्लोमेरुलोपथीसारखा गाळणीचा दीर्घकाळ चालणारा आजार. ल्युपस शोधण्यासाठीचं एएनए पाठवलं गेलं. किडनी बायॉप्सीबद्दल वडिलांशी बोलणं सुरू झालं. बायॉप्सीत वाईट काही नाही, तिने अनेक मुलांची मूत्रपिंडं वाचवली आहेत. पण रक्तदाब चढलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या मूत्रपिंडात सुई घालण्याचा आधार जर एक नॉर्मल एएसओ असेल, तर आधी तो आकडा नेमकं काय सांगतो ते बघायला हवं होतं.

हा आकडा येतो कुठून

ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस अनेक विषारी द्रव्यं बाहेर टाकतो. त्यांतलं एक स्ट्रेप्टोलायसिन ओ. ते तांबड्या पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. नावातला ‘ओ’ ऑक्सिजनचा, कारण ऑक्सिजनच्या संपर्कात या द्रव्याची ताकद जाते. त्याचं भावंड स्ट्रेप्टोलायसिन एस ऑक्सिजनमध्ये टिकतं, पण शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवत नाही, त्यामुळे चाचणीसाठी ते निरुपयोगी. स्ट्रेप्टोलायसिन ओ-विरुद्ध मात्र प्रतिपिंडं बनतात आणि तीच आपण एएसओ म्हणून मोजतो.

१९३२ मध्ये ई. डब्ल्यू. टॉड यांनी ही मोजणी मांडली. युक्ती सुंदर आहे. रुग्णाचं सिरम क्रमाने पातळ करत जायचं, प्रत्येक नळीत ठरावीक विष घालायचं आणि मग तांबड्या पेशी टाकायच्या. प्रतिपिंडं पुरेशी असतील तर विष निकामी होतं आणि पेशी शाबूत राहतात. सिरम किती पातळ केलं तरी पेशी वाचतात, त्यावरून टायटर, म्हणजे प्रतिपिंडांची पातळी, ठरतो. ‘टॉड युनिट’ हे नाव तिथूनच आलं. आज बहुतेक लॅब लॅटेक्सच्या गुठळ्या पाहून किंवा नेफेलोमेट्री अथवा टर्बिडिमेट्री यंत्रावर ही पातळी मोजतात. पण प्रश्न टॉड यांचाच आहे: या शरीराची या जंतूशी अलीकडे गाठ पडली होती का?

गाठ पडली होती का, एवढंच. जंतू आत्ता आहे का, हे एएसओ सांगत नाही. आजार झाला आहे का, हेही नाही. घसा दुखत असताना एएसओ करण्याला काही अर्थ नसतो तो यामुळेच. प्रतिपिंडं वाढायला आठवडाभर लागतो आणि ती शिखरावर पोहोचतात तीन ते पाच आठवड्यांनी. तोवर घसा कधीच बरा झालेला असतो. घशासाठी स्वॅब आहे, रॅपिड अँटिजेन चाचणी आहे. एएसओ ही मागे वळून पाहणारी चाचणी आहे आणि ती वापरायची तर किती मागे पाहायचं आहे हे आधी ठरवावं लागतं.

पाय दाबून पाहताना

रात्रपाळीच्या निवासी डॉक्टर मुलीची सूज उतरते आहे का ते पाहत होत्या. नडगीवर अंगठा दाबून धरला, खळगा पडला. त्या खळग्याशेजारी त्यांना गोल, गडद डाग दिसले. एक नाही, दोन्ही पायांवर मिळून दहा-बारा. काही डागांच्या कडेला अजून खपली होती.

“हे डाग कसले हो, ताई?”

“त्या पुळ्या होत्या. महिना होऊन गेला की. खाजवून खाजवून चिघळवल्या तिनं. मलम लावलं, सुकल्या.”

“खाज अजून येते?”

“रात्री फार. तिलाही आणि ह्यालाही.”

डॉक्टरांनी मुलीच्या हाताची बोटं फाकवून पाहिली. बेचक्यांत खरजेच्या बारीक रेषा आणि खाजवल्याच्या खुणा होत्या. आधी खरूज, तिच्यावर नखांनी झालेल्या जखमा आणि त्या जखमांवर बसलेला जंतूसंसर्ग. पिवळट खपल्या धरणाऱ्या, पसरत जाणाऱ्या अशा पुळ्यांना इम्पेटायगो म्हणतात आणि त्यांच्यामागे बऱ्याचदा ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस असतो.

आईने हे आधी का सांगितलं नाही, असा सूर सकाळच्या राउंडमध्ये निघाला. मला तो अन्यायाचा वाटतो. तिला घशाबद्दल विचारलं होतं, तिने घशाबद्दल सांगितलं. महिन्यापूर्वी सुकून गेलेल्या पुळ्यांचा आजच्या लघवीच्या रंगाशी संबंध असेल हे कोणत्याही आईला कसं सुचावं? विचारायचं काम आपलं. प्रश्न असा हवा होता: “दीड-दोन महिन्यांत घसा दुखला होता का, आणि अंगावर पुळ्या, फोड, खरूज काही झालं होतं का?”

वेळही नेमकी जुळत होती. घशाच्या संसर्गानंतर मूत्रपिंडाला सूज येते ती साधारण एक ते तीन आठवड्यांत. त्वचेच्या संसर्गानंतर अंतर जास्त असतं, तीन ते सहा आठवडे. आईच्या हिशेबाने पुळ्यांना पाच आठवडे झाले होते.

पुळ्या स्ट्रेपच्या होत्या, तर एएसओ का वाढला नाही

या प्रकरणातला हा सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

स्ट्रेप्टोलायसिन ओ पेशीला भोक पाडतं ते तिच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलला चिकटून. कोलेस्टेरॉल हे त्याचं आवडतं बसायचं ठिकाण. आणि त्वचेत कोलेस्टेरॉलसह स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. जंतू त्वचेत वाढताना विष सोडतो, पण ते तिथल्या तिथे या स्निग्ध पदार्थांना जाऊन चिकटतं. मग त्याची प्रतिपिंडं जागवण्याची क्षमता दबते. १९७६ मध्ये एडवर्ड कॅप्लन आणि लुईस वनामेकर यांनी प्रयोगातून दाखवलं की कोलेस्टेरॉल आणि सशाच्या त्वचेतून काढलेले स्निग्ध अर्क एएसओचा प्रतिसाद दाबून टाकतात. म्हणजे संसर्ग भरपूर, विषही तयार झालेलं, तरीही एएसओ जागचा हलत नाही.

घशाच्या संसर्गात तसं होत नाही, तिथे एएसओ बहुतेकांमध्ये वाढतो. पण तिथेही सगळ्यांमध्ये नाही. साधारण पाचांपैकी एकाचा एएसओ घशाच्या खऱ्या संसर्गानंतरही वाढलेला सापडत नाही. म्हणून एकट्या एएसओवर ‘स्ट्रेप नाही’ असं लिहिणं घशाच्या बाबतीतही घाईचं आहे. त्वचेच्या बाबतीत ते चूकच ठरतं.

त्वचेसाठी दुसरी चाचणी आहे, अँटी-डीएनेज बी. डीएनेज बी हे याच जंतूचं एक एन्झाइम. त्याला त्वचेतले स्निग्ध पदार्थ निकामी करत नाहीत, त्यामुळे पुळ्यांनंतरही त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं चांगली वाढतात. त्यांचा वेग मात्र मंद. शिखर गाठायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि नंतर ती एएसओपेक्षा जास्त काळ वर राहतात. आजार उशिरा समोर आला, एएसओ उतरणीला लागला, तरी ही चाचणी कामाला येते. दोन्ही एकत्र केल्या तर एखादी तरी वाढलेली सापडण्याची शक्यता खूपच जास्त. एकच करायची ठरवली तर कोणती, हे संसर्ग कुठे होता आणि कधी होता यावरून ठरवायचं.

एएसओ खोटा कमी दिसण्याला इतरही कारणं असतात. सुरुवातीलाच अँटिबायोटिक मिळालं तर प्रतिसाद बोथट होतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर तेच. आणि नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये लघवीवाटे प्रतिपिंडंच वाहून जातात, त्यामुळे रक्तातला आकडा घसरतो. मुलीच्या बाबतीत यांपैकी काही नव्हतं.

त्याच दिवशी, लॅबमध्ये राखून ठेवलेल्या तिच्या पहिल्याच सिरमवर अँटी-डीएनेज बी लावलं. निकाल ११२०. तिच्या वयासाठी त्या लॅबची वरची मर्यादा ३७५. बायॉप्सीचं बोलणं थांबलं. एएनए नंतर निगेटिव्ह आलं. केसपेपरवरची आधीची ओळ खोडून नवी लिहिली गेली, आणि माझ्या मते या सगळ्यातली सर्वात चांगली नोंद तीच: ‘त्वचेच्या संसर्गानंतरचा स्ट्रेप नेफ्रायटिस. एएसओ नॉर्मल असणं अपेक्षितच.’

इथे एक इतिहास आठवतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रेड लेक या आदिवासी राखीव क्षेत्रात १९५३ आणि पुन्हा १९६६ मध्ये मुलांमध्ये नेफ्रायटिसच्या साथी आल्या. त्यांच्याशी जोडला गेलेला स्ट्रेपचा प्रकार एम ४९. वनामेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जे पाहिलं त्यातून त्वचेवरचा स्ट्रेप आणि घशातला स्ट्रेप यांची वाटचाल वेगळी असते हे ठळक झालं. पुळ्यांमागून येतो तो प्रामुख्याने मूत्रपिंडाचा आजार. रुमॅटिक फीव्हरचं, म्हणजे स्ट्रेपनंतर सांधे आणि हृदय यांना दाह होणाऱ्या आजाराचं, नातं परंपरेने घशाच्या संसर्गाशीच जोडलं गेलं आहे. काही प्रदेशांत त्वचेचे संसर्ग प्रचंड आणि घशाचे कमी असूनही रुमॅटिक फीव्हर खूप दिसतो, त्यामुळे ही रेघ तितकी पक्की आहे का यावर वाद चालू आहे.

आता भाऊ

बहीण वॉर्डात दाखल झाल्यावर घरच्यांनी धसका घेतला आणि कुणाच्या तरी सल्ल्याने भावाचंही रक्त तपासून घेतलं. लॅटेक्स पद्धतीने ‘पॉझिटिव्ह, ४००’. पुन्हा यंत्रावर, ४६०. रिपोर्ट पाहून एका परिचिताने सांगितलं, “हृदयावर जाईल, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू करा.” आई-वडील तेच विचारायला आले होते. वडिलांची तर मुलाला शाळेच्या खेळातून काढण्याचीही तयारी झाली होती.

आधी रिपोर्ट बदलल्याची शंका. ती हसण्यावारी नेली नाही, हे चांगलं झालं. लॅबने दोन्ही नमुन्यांची लेबलं, वेळा, नोंदी पडताळल्या आणि दोघांचं रक्त नव्याने घेतलं. मुलीचा एएसओ पुन्हा १४० च्या आसपास, मुलाचा पुन्हा ४६० च्या आसपास. रिपोर्ट ज्याचा त्याचाच होता.

मग मुलाला नीट तपासलं. सांधे कुठे सुजलेले नाहीत, दुखत नाहीत. हृदयात मर्मर, म्हणजे जादा आवाज, नाही. हातापायांच्या अनैच्छिक हालचाली नाहीत, त्वचेवर चट्टे नाहीत, गाठी नाहीत. रक्तदाब नॉर्मल. लघवी मुद्दाम तपासली, कारण नेफ्रायटिस झालेल्या मुलाच्या भावंडांमध्ये कधी कधी बाहेरून काहीही न दिसता लघवीत रक्त जात असतं. तीही स्वच्छ. मनगटावर आणि पोटावर मात्र खरजेचे पुरळ सापडले. म्हणजे त्याला उपचार हवेच होते, फक्त ज्यासाठी मागत होते त्यासाठी नव्हे.

खोदून विचारल्यावर कळलं, दोन महिन्यांपूर्वी त्याला तीन दिवस ताप होता आणि घसा इतका दुखत होता की गिळवत नव्हतं. आपोआप बरं वाटलं. ४६० चा उगम बहुधा तिथे. शरीराने जंतू ओळखला, प्रतिपिंडं केली आणि ती अजून उतरायची आहेत. एएसओ हळूहळू खाली येतो, पूर्ववत व्हायला सहा महिने ते वर्षही लागतं. ४६० हा त्याच्या आजाराचा पुरावा नव्हता, त्याच्या शरीराने आपलं काम केल्याची ती खूण होती.

शिवाय ती २०० ची मर्यादा. रिपोर्टवर छापलेला हा आकडा ‘याच्या वर रोग, याच्या खाली आरोग्य’ अशी सीमा आहे असा सर्वसाधारण समज आहे आणि तो मुळातच चुकीचा आहे. स्ट्रेपच्या प्रतिपिंडांची वरची मर्यादा पारंपरिक पद्धतीने अशी ठरवतात: अलीकडे स्ट्रेपचा आजार न झालेल्या, निरोगी लोकांची पातळी मोजायची आणि ज्या आकड्याच्या वर त्यांतले साधारण २० टक्केच जातात, तो आकडा मर्यादा म्हणून घ्यायचा. म्हणजे व्याख्येनेच पाचातला एक निरोगी माणूस मर्यादेच्या वर असणार आहे! त्यात ही पातळी वयाप्रमाणे बदलते. शाळकरी वयात घशाचे संसर्ग सर्वात जास्त, म्हणून पातळीही सर्वात जास्त. प्रदेशाप्रमाणे, ऋतूप्रमाणेही ती हलते. २०० ही मर्यादा प्रौढांना ठीक. दहा वर्षांच्या मुलाला तीच लावली तर वर्गातल्या कितीतरी मुलांना ‘पॉझिटिव्ह’ शिक्का बसेल. काही लॅब या वयासाठी याहून बऱ्याच वरच्या मर्यादा वापरतात, त्यांच्याकडे ४६० कदाचित वाढलेला म्हणूनही आला नसता.

पद्धतीही एकमेकींशी जुळत नाहीत. लॅटेक्सच्या चाचणीत सिरम दुप्पट-दुप्पट पातळ करतात, त्यामुळे उत्तर २००, ४००, ८०० अशा पायऱ्यांनीच येतं. एका पायरीचा फरक मोजणीच्या चुकीतही बसतो. ४०० नंतर ४६० आला म्हणून वाढला असं म्हणणं निराधार आहे, कारण दोन्ही आकडे वेगळ्या फूटपट्ट्यांचे. तुलना करायचीच तर एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने, शक्य तर दोन्ही नमुने एकाच दिवशी शेजारी लावून. ग्रुप सी आणि जी स्ट्रेपही स्ट्रेप्टोलायसिन ओ बनवतात, त्यांच्यामुळेही एएसओ चढतो. यकृताचे आजार किंवा रक्तातली चरबी फार वाढलेली असेल तर काही पद्धतींत आकडा खोटा वर येतो.

“पण हृदयाचं काय?”

वडिलांचा हा प्रश्न खरा होता आणि त्याला घाईचं उत्तर देता कामा नये. रुमॅटिक फीव्हर हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करतो. ज्या मुलाला तो खरोखर झाला आहे, त्याच्यासाठी तीन-चार आठवड्यांनी घ्यायचं बेन्झाथीन पेनिसिलिन हे आयुष्य वाचवणारं औषध आहे. मी लिहितो आहे त्याचा अर्थ कुणी चालू असलेली इंजेक्शनं स्वतःहून बंद करावीत असा मुळीच नाही.

पण रुमॅटिक फीव्हरचं निदान एएसओवर होत नाही. ते जोन्स निकषांवर होतं. टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये ते मांडले आणि २०१५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने त्यांची नवी आवृत्ती दिली. हृदयाचा दाह, सांध्यांचा दाह, कोरिया म्हणजे अनैच्छिक हालचाली, त्वचेवरचे विशिष्ट चट्टे आणि त्वचेखालच्या गाठी हे मुख्य निकष. सांधेदुखी, ताप, दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या, ईसीजीवर पीआर अंतर वाढणं हे दुय्यम. वाढलेला एएसओ यांपैकी कुठल्याच यादीत नाही. तो फक्त एवढंच दाखवतो की स्ट्रेपचा संसर्ग होऊन गेला आहे, आणि निदानासाठी असा पुरावा जोडीला लागतो. मुख्य निकष एकही नाही आणि फक्त पुरावा आहे, तर तो पुरावा कशाचा?

उलट बाजूही आहे आणि ती बहिणीच्या गोष्टीशी थेट जुळते. कोरिया संसर्गानंतर कित्येक महिन्यांनी उमटू शकतो, तोवर एएसओ उतरून नॉर्मल झालेला असतो. म्हणून कोरियात आणि हळूहळू वाढणाऱ्या हृदयाच्या दाहात हा पुरावा नसला तरी निदान अडत नाही.

समजा इंजेक्शनं सुरू केली असती. काय झालं असतं? हृदयाला दाह नसलेल्या रुमॅटिक फीव्हरमध्येही ती पाच वर्षं किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, जे नंतर येईल तोवर, द्यायची असतात. दहा वर्षांच्या, आजार नसलेल्या मुलाला अकरा वर्षं दर तीन-चार आठवड्यांनी दुखरी सुई, आणि ‘याच्या हृदयाला धोका आहे’ हे वाक्य घरात रोज. त्यात पेनिसिलिनने एएसओ उतरत नाही, तो आपल्या वेगाने उतरतो. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं, अजून वर आहे म्हणून औषध वाढवायचं, टॉन्सिल काढायची गोष्ट निघायची. आकड्याच्या मागे धावणारी अशी मुलं पाहून फार वाईट वाटतं, कारण त्यांचं दुखणं आपणच निर्माण केलेलं असतं.

आई-वडिलांना डॉक्टरांनी सांगितलं ते असं: “मुलाच्या रक्तात जुन्या संसर्गाची आठवण आहे. आठवणीला औषध लागत नाही. पुढे घसा दुखून ताप आला, सांधा सुजला, दम लागला किंवा हात वेडेवाकडे हलू लागले, तर त्याच दिवशी घेऊन या. तोवर त्याला खेळू द्या.”

पुढे

मुलीचे उपचार साधे होते. मीठ आणि पाणी मोजून, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड, रक्तदाबाचं औषध. काही डागांवर अजून खपली होती म्हणून दहा दिवस पेनिसिलिन. त्याने मूत्रपिंडाची सूज लवकर ओसरत नाही, पण जंतू घरात फिरायचा थांबतो. खरजेचं मलम घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावलं आणि आठवड्याने पुन्हा. चौथ्या दिवशी लघवी मोकळी झाली. नवव्या दिवशी रक्तदाब औषधाशिवाय ठीक राहू लागला आणि वजन १९.८ किलोवर आलं. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन ०.५.

तीन आठवड्यांनी दोघांचे दुसरे नमुने घेतले आणि राखून ठेवलेल्या पहिल्या नमुन्यांबरोबर एकाच वेळी लावले. मुलीचा एएसओ १५०, म्हणजे जिथल्या तिथे. अँटी-डीएनेज बी १०६०, अजून उंचावर. मुलाचा एएसओ ४४०. अलीकडचा संसर्ग ठरवायला दोन नमुन्यांतली स्पष्ट चढण हा एका आकड्यापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा असतो. मुलाच्या आलेखात चढण नव्हतीच. मुलीच्याही नव्हती, कारण ती आली तेव्हा पाच आठवडे उलटून गेले होते आणि प्रतिपिंडं आधीच वर पोहोचली होती. तिच्या निदानाला भक्कम केलं ते सी३च्या पुढच्या वाटचालीने. चार आठवड्यांनी ७१, आठ आठवड्यांनी ११८. स्ट्रेपनंतरच्या नेफ्रायटिसमध्ये सी३ सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होतं. ते खालीच राहिलं असतं तर बायॉप्सी करावीच लागली असती आणि ती तेव्हा योग्य ठरली असती.

लॅबने एक बदल केला. स्ट्रेपच्या प्रतिपिंडांच्या मागणीपत्रकावर दोन रकाने वाढवले: ‘संसर्ग कुठे – घसा की त्वचा’ आणि ‘किती आठवड्यांपूर्वी’. रकाने रिकामे असतील तर तंत्रज्ञ वॉर्डात फोन करून विचारतात. मुलांच्या रिपोर्टवर आता वयानुसार मर्यादा छापल्या जातात.

आठव्या आठवड्याच्या भेटीला दोघंही आले होते. मुलीच्या लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली थोड्या तांबड्या पेशी अजून दिसत होत्या. त्या वर्षभर, क्वचित त्याहून जास्त काळ दिसू शकतात, घाबरायचं कारण नाही. तिला तीन महिन्यांनी लघवी आणि रक्तदाबासाठी यायचं होतं. जाताना आईने विचारलं, “आणि ह्याचा एएसओ परत कधी करायचा?”

“करायचा नाही,” डॉक्टर म्हणाल्या आणि मुलाच्या केसपेपरवर पुढच्या तपासणीची तारीख लिहायच्या जागी त्यांनी एक आडवी रेघ ओढली.